ऊब ३७.५, ओल ५५

लॅपटॉपवर ओळ उमटली होती, ‘डिस्प्ले सुरू झाला’. आणि समोर टेबलावर, चार वायरींच्या टोकाला, तो डिस्प्ले ढिम्म काळा.

ती ओळ छापायला मीच सांगितलं होतं, त्यामुळे तिच्यावर विश्वासही माझाच. त्या रात्रीचे पहिले दोन तास मी त्या विश्वासावर घालवले.

प्रकरण होतं अंडी उबवायच्या पेटीचं. माझी आत्या पाटण तालुक्यात राहते. तिच्याकडे पंधरा-वीस गावठी कोंबड्या. मागच्या पावसाळ्यात मुंगसाने दोन खुडूक कोंबड्या अंड्यांवरून उचलून नेल्या, अंडी थंड पडली, सगळं वाया. ती फोनवर हळहळत होती आणि मी बोलून गेलो, “तुला पेटी बनवून देतो.” इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्या माणसाने नातेवाइकांशी फोनवर जपून बोलावं.

सामान साधंच. काच बसवलेला थर्माकोलचा मोठा खोका, ६० वॅटचे दोन बल्ब, जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा, बल्ब लावायला-विझवायला रिले, डीएचटी२२ हा तापमान आणि हवेतला दमटपणा मोजणारा सेन्सर, या सगळ्यांचा मुकादम म्हणून आर्दुइनो नॅनो हा बोटाएवढा संगणक, आणि बाहेरून आकडे दिसावेत म्हणून १.३ इंची ओएलईडी डिस्प्ले. पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस राहायला हवेत. दमटपणा पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्टच्या वर. एकविसाव्या दिवशी पिल्लू.

डिस्प्लेबद्दल आत्याचा पहिलाच प्रश्न होता, “खुडूक कोंबडीला कुठं डिस्प्ले लागतो?” लागत नाही हे खरंच. पण बंद खोक्यात काय चाललंय हे कोंबडीला पोटाने कळतं, आम्हाला कळत नाही.

घाई अशासाठी की उबवायची अंडी आठवडाभरापेक्षा जास्त ठेवली की पिल्लं निघायचं प्रमाण घसरत जातं. आत्याने सोमवारपासून अंडी साठवायला घेतली होती. शुक्रवारी मी गावी पोचणार, असं ठरलेलं. आणि बुधवारी रात्री पुण्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळी काच.

त्या दोन तासांत मी काय केलं? डिस्प्लेची लायब्ररी, म्हणजे तो चालवायचा तयार कोड, काढली, पुन्हा टाकली. यूएसबीची केबल बदलली. उदाहरणादाखल येतो तो प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवला. लॅपटॉप बंद करून चालू केला. यातल्या एकाही गोष्टीमागे विचार नव्हता. देवाला नवस बोलावा तसा प्रकार.

मग कधीतरी त्या लायब्ररीचा कोड उघडून वाचला आणि हसू आलं. डिस्प्ले सुरू करणारं जे फंक्शन ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देतं, ते पाहतं एवढंच की चित्र ठेवायला मेमरी मिळाली का. १२८ गुणिले ६४ ठिपके, आठ ठिपक्यांना एक बाइट, म्हणजे १०२४ बाइट. नॅनोकडे सगळी मिळून २०४८. तेवढी जागा मिळाली की उत्तर ‘हो’. वायरीच्या दुसऱ्या टोकाला डिस्प्ले आहे की बटाटा, याची ते चौकशीच करत नाही. म्हणजे माझी ‘डिस्प्ले सुरू झाला’ ही ओळ डिस्प्लेबद्दल नव्हतीच. नॅनोकडे एक किलोबाइट जागा शिल्लक होती, एवढीच ती बातमी.

तेव्हा पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला: पलीकडे कुणी आहे का?

त्यासाठी स्कॅनर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. हा डिस्प्ले आयटूसी पद्धतीने बोलतो. दोनच तारा, एसडीएवर माहिती आणि एससीएलवर ताल. तारांवर जितकी उपकरणं असतील त्या प्रत्येकाला एक क्रमांक, तोच त्याचा पत्ता. स्कॅनर शाळेतल्या मास्तरांसारखा १ पासून १२६ पर्यंत हजेरी घेतो. ज्याचा क्रमांक पुकारला त्याने एसडीएची तार क्षणभर खाली ओढायची, की झालं ‘हजर’. माझ्या वर्गात कुणीही हजर नव्हतं.

वाईट बातमी, पण निदान खरी.

आता मल्टिमीटर. डिस्प्लेला वीज देणाऱ्या दोन पिना, व्हीसीसी आणि ग्राउंड, यांमध्ये ४.६७ व्होल्ट. पाच का नाहीत म्हणाल, तर यूएसबीवरून येताना नॅनोवरचा डायोड थोडे खातो. वीज पोचतेय. पिनांचा क्रमही पुन्हा पाहिला, कारण या चार पिनी डिस्प्लेंमध्ये काहींवर आधी ग्राउंड आणि मग व्हीसीसी असतो, काहींवर बरोबर उलटा. चित्र पाहून जोडणारा माणूस तिथे डिस्प्ले जाळतो. माझं बरोबर होतं. मग दोन्ही तारा. आयटूसीच्या तारा रेझिस्टरने वर टांगलेल्या असतात, कुणाला बोलायचं असेल तर तो तार खाली ओढतो. म्हणजे सगळे गप्प असताना दोन्ही तारांवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसायला हवं. दिसलं. डिस्प्लेच्या टोकाला ४.६, नॅनोच्या टोकाला ४.६. एससीएल तसंच, एसडीए तसंच.

त्यावरून मी निष्कर्ष काढला की वायरी ठीक आहेत. आणि नेमका तिथेच फसलो.

नॅनोवरची आयटूसीची लायब्ररी सुरू होताना चिपच्या आतले स्वतःचे रेझिस्टरही चालू करते. डिस्प्लेच्या बोर्डावर त्याचे स्वतःचे असतातच. त्यामुळे तार मधोमध तुटलेली असली तरी दोन्ही टोकं आपापल्या खुंटीला टांगलेली राहतात आणि मीटर दोन्हीकडे छान ४.६ दाखवतो. नदीवरचा पूल वाहून गेलाय, पण दोन्ही काठांवरचे खांब उभे आहेत, तसं.

हे कळायला अर्धा तास गेला आणि ते कळलंही योगायोगानेच. कंटाळून सगळ्या वायरी उपसल्या आणि एकेक करून मीटरच्या बीपवर लावल्या, तार सलग असली की तो वाजतो. लाल, काळी, हिरवी वाजल्या. पिवळीही वाजली. पण टेबलावर ठेवताना ती मानेपाशी वाकली आणि बीप थांबला. सरळ केली, वाजली. वाकवली, गप्प. जंपर वायरींचं हे जुनं दुखणं. प्लास्टिकच्या टोपीत जिथे तांबं पत्र्याला चिमटलेलं असतं तिथे ते तुटतं, वरचं वेष्टण शाबूत. ब्रेडबोर्डात, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीत, खोचली की ती त्याच कोनात वाकायची. मी ती तिथल्या तिथे कात्रीने कापली. न कापता बाजूला ठेवली की अशी वायर आपोआप डब्यात परत जाते आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेटते, हे अनुभवाने सांगतो.

नवी वायर लावली, स्कॅनर चालवला. ‘एक उपकरण सापडलं, पत्ता ०एक्स३सी.’

माझ्या प्रोग्रॅममध्ये पत्ता होता ०एक्स७८. कारण डिस्प्लेच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत तोच छापलाय, आणि शेजारी ०एक्स७ए, रेझिस्टर कुठे डकवलाय त्यावरून दोन्हीपैकी एक. छापलेलं खोटं नाही, फक्त मोजायची रीत वेगळी. साध्या आकड्यांत ०एक्स७८ म्हणजे १२० आणि ०एक्स३सी म्हणजे ६०. आयटूसीचा पत्ता सात बिटांचा, आणि त्याच्या मागे लिहायचंय की वाचायचंय हे सांगणारा आठवा बिट. पाठीवर छापणाऱ्याने आठही बिट धरले, आर्दुइनोची लायब्ररी सातच धरते. त्यामुळे बरोबर दुप्पट. ती पिवळी वायर धडधाकट असती तरीही, मी १२० नंबरच्या घराची कडी वाजवत बसलो असतो. म्हणजे एकाच काळ्या काचेमागे दोन चुका होत्या, आणि एकटी कुठलीही दुरुस्त केली असती तरी काच काळीच राहिली असती. सुरुवातीच्या दोन तासांत चुकून पत्ता ०एक्स३सी करून पाहिलाही असेन. वायर तुटकी म्हणून काही दिसलं नाही आणि पुन्हा जुना ठेवला असेल. आठवत नाही. वहीत लिहीत नव्हतो.

पत्ता बदलला आणि साडेअकराला काच उजळली.

बायको पाणी प्यायला आली होती. म्हणाली, “लागला की!” लागला होता, पण जुन्या टीव्हीचा अँटेना हलल्यावर यायच्या तशा सगळीकडे मुंग्या. अक्षर एक नाही.

इथे माझा पहिला अंदाज विजेवर गेला, मग वेगावर. आयटूसी ४०० किलोहर्ट्झवर चालत होतं, ते १०० वर आणलं. मुंग्या तशाच. डिस्प्लेला वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा दिला. तशाच. मग खुर्ची मागे सरकवून नुसता बघत बसलो, आणि त्या रात्रीतलं एकमेव शहाणपणाचं काम झालं ते हेच. टीव्हीच्या मुंग्या हलतात. या थिजलेल्या होत्या. फक्त एका आडव्या पट्टीत, आठेक ठिपक्यांच्या उंचीची, सेकंदाला काहीतरी बदलत होतं. वीज काढून पुन्हा दिली तर मुंग्यांची नक्षी बरीचशी तीच.

तारेवर गोंगाट असता तर नक्षी दर वेळी बदलली असती. ही नक्षी म्हणजे डिस्प्लेच्या स्वतःच्या मेमरीत वीज येताक्षणी जे काही पडलेलं असतं ते. त्यावर कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. मी पाठवलेलं सगळं चित्र त्या एका पट्टीत जाऊन एकावर एक पडत होतं. म्हणजे तारा ठीक, वीज ठीक, पत्ता ठीक. डिस्प्लेला माझी भाषाच पुरती कळत नव्हती.

झोपलो. सकाळी ऑफिसला जाण्याआधी दुसरी लायब्ररी टाकली, यूएटजीटू. तिच्यात डिस्प्लेच्या चिपची लांबलचक यादी असते, त्यातून आपली निवडायची. सवयीने एसएसडी१३०६ निवडली, कारण पिशवीवर तसंच लिहिलं होतं. आणि अक्षरं उमटली! स्वच्छ, वाचता येणारी. पण उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत दोन ठिपके रुंदीची मुंग्यांची रेघ, आणि डावीकडच्या पहिल्या अक्षराची कड कापलेली.

दोन ठिपके. या आकड्याने उत्तर दिलं. एसएसडी१३०६ या चिपची मेमरी १२८ स्तंभांची, काचेएवढीच. तिचा चुलतभाऊ म्हणावा असा एसएच११०६, त्याची मेमरी १३२ स्तंभांची. काच १२८ चीच, ती मधोमध बसवलेली, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन स्तंभ काचेबाहेर. आपण पहिल्या स्तंभापासून लिहायला लागलो की चित्र दोन ठिपके डावीकडे सरकतं आणि उजवीकडे दोन स्तंभ न लिहिलेले राहतात. रात्रीचं कोडंही त्यातच सुटलं. एसएसडी१३०६ला सांगता येतं की एक पट्टी भरली की आपणहून खालच्या पट्टीवर जा. जुन्या लायब्ररीची सगळी मदार त्यावर. एसएच११०६ला ती सोयच नाही. त्याला दर पट्टीला ‘आता पुढच्या पट्टीवर ये’ असं वेगळं सांगावं लागतं. न सांगितल्यावर तो बिचारा पहिल्याच पट्टीवर लिहीत बसला.

चिपवर नंबर वाचून खात्री करावी, तर ती काचेलाच चिकटवलेली असते. दिसते ती नुसती काळपट पट्टी. तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून घेतला होता तिथे फोन केला. पलीकडून अगदी सहज, “साहेब, १.३ इंची म्हणजे बहुतेक ११०६च असतो. पण मागायला येतो तो १३०६ म्हणूनच मागतो, म्हणून आम्ही तसंच लिहितो.” यावर काय बोलणार! मीही तसाच मागितला होता.

यादीतून एसएच११०६ निवडला. रेघ गेली. साडेनऊला ऑफिसात पोचलो, पण तिथे कुणाला सांगावं अशी ती गोष्ट नव्हती.

शुक्रवारी रात्री गावी. डिस्प्लेवर मी ‘टेम्प’ आणि ‘ह्युम’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. आत्या चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, “हे मला कळायचं कसं?” बरोबरच. यूएटजीटूमध्ये देवनागरी फॉन्ट आहे, तो घातला आणि ‘आर्द्रता’ लिहून पाहिलं. छोट्या चिपवर अक्षरं एकापुढे एक ठेवली जातात, जोडाक्षर जुळवणारं कुणी नसतं. त्यामुळे रफार आणि द्र यांचे सुटे तुकडे झाले, जत्रेत हरवलेल्या भावंडांसारखे. शब्दाचं चित्र काढून घालता आलं असतं, पण रात्रीचे दहा. ‘तापमान’ मोठ्या अक्षरांत मावेना म्हणून ‘ताप’ केलं, तर मामा म्हणाले, “कुणाला आलाय?” (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो.) आत्या चुलीपाशी बसूनच म्हणाली, “अरे, ऊब लिही. आणि ते दुसरं, ओल.”

ऊब आणि ओल. दोन्ही शब्दांत वेगळा जोडावा लागणारा काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. चिपला जशी अक्षरं हवीत तशीच. ते दोन्ही लगेच उमटले आणि आजही तेच आहेत.

शनिवारी सकाळी सगळं खोक्यात बसवलं. टेबलावर चार इंची वायरी होत्या, आता डिस्प्ले झाकणावर आणि नॅनो मागच्या बाजूला, म्हणून दोन फुटी वायरी केल्या. बल्बच्या वायरी आणि डिस्प्लेच्या वायरी एकत्र नीटनेटक्या बांधल्या, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी. मला त्या नीटनेटकेपणाचा अभिमानही वाटला होता. अंडी अजून टोपलीतच. आधी रिकामी पेटी दिवसभर चालवायची असं ठरवलं होतं. यातलं एवढं एकच ठरवणं पहिल्या झटक्यात बरोबर निघालं.

तासाभराने ऊब ३७.४ वर आली. जेवून आलो, ३७.४. चहा झाला, ३७.४. मी खुशीत. मामांना सांगितलंही, “बघा किती स्थिर धरतंय.”

आत्या खोक्याच्या काचेला हात लावून म्हणाली, “मघापासून ३७.४ च दाखवतंय रे. पण काच चटका देतीय.”

घरातला तापाचा थर्मामीटर आत टाकला. ४१. बल्ब पेटलेलेच होते. इतक्या उबेत अंड्यातला जीव फार तग धरत नाही. प्लग उपटला.

डिस्प्ले गोठला होता हे दिसतच होतं, पण एका डिस्प्लेमुळे बल्ब का पेटलेले राहावेत? कारण सगळी कामं करणारा मुकादम एकच. तो एका वेळी एकच काम करतो: तापमान वाच, बल्बचं ठरव, डिस्प्लेवर लिही, पुन्हा पहिल्यापासून. डिस्प्लेवर लिहिताना आयटूसीच्या तारेवर काही बिनसलं, तर नॅनोची ती लायब्ररी तार मोकळी व्हायची वाट पाहत उभी राहते. कितीही वेळ. नवीन आवृत्त्यांमध्ये या वाट पाहण्याला मुदत घालता येते, पण ती आपण स्वतः घालावी लागते. मी घातली नव्हती. मुकादम डिस्प्लेच्या दाराशी ताटकळत उभा, आणि मागे बल्ब जळतायत.

बिनसत का होतं? रिलेवर संशय होता, पण रिलेत दोन गोष्टी असतात. आतली कॉइल, जी पाच व्होल्टवर ७० मिलिअँपिअर घेते आणि नॅनोची वीज क्षणभर खेचू शकते. आणि संपर्क, जो २३० व्होल्टचा बल्ब जोडतो-तोडतो आणि तोडताना ठिणगी पाडतो. दोन्हींचा इलाज वेगळा. म्हणून बल्ब काढले आणि रिले नुसताच दर दहा सेकंदांनी टकटकत ठेवला. रात्रभर टकटक. मामा दोनदा उठून पाहून गेले. सकाळी सेकंदांचा आकडा पळत होता, काही गोठलं नव्हतं. मग बल्ब परत लावले. पंधरा-वीस टकटकींत गोठला. पुन्हा केलं, पुन्हा गोठला. म्हणजे कॉइल निर्दोष, दोष ठिणगीचा.

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग त्यात काय, विहिरीवरची मोटर चालू केली की रेडिओ खरखरतोच.” तेच, अगदी तेच. आणि मी रेडिओची तार मोटरच्या तारेला मिठी मारून बांधली होती, दोन फूट.

रविवार त्यात गेला. दोन्ही वायरींचे रस्ते वेगळे केले, बल्बच्या खोक्याच्या एका कडेने, डिस्प्लेच्या दुसऱ्या, जिथे ओलांडाव्या लागल्या तिथे काटकोनात. एसडीएला ग्राउंडच्या वायरीशी पीळ दिला, एससीएलला दुसऱ्या ग्राउंडशी. बोर्डावरचे रेझिस्टर ४.७ किलोओहमचे होते, त्यांच्या जोडीला तेवढेच आणखी लावले, तारा जरा घट्ट टांगल्या जाव्यात म्हणून. रिलेच्या संपर्कावर शंभर ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ जातीचा कपॅसिटर एकामागे एक जोडून आडवे टाकले, ठिणगी पिऊन टाकायला. हा कपॅसिटर एक्स२ च हवा, तो मुख्य विजेवर बसायला बनवलेला असतो. साधा टाकू नये. सुदैवाने माझ्या पेटीत पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरातून काढलेला एक होता. त्यानंतर दिवसभरात एकदाही गोठला नाही.

तरीही अंडी ठेवायला मन धजेना. ठिणगी आज पडली नाही म्हणून उद्या पडणार नाही असं थोडंच. आयटूसीला पंचवीस मिलिसेकंदांची मुदत घातली. मुदत संपली की लिहिणं सोडून दे, पुढच्या कामाला लाग. दर पाच मिनिटांनी डिस्प्लेला नव्याने सुरुवातीच्या आज्ञा द्यायच्या, कारण झटका बसल्यावर तो कधी कधी आपलं सगळं विसरतो. आणि वर वॉचडॉग. हा चिपमधलाच एक पहारेकरी, आठ सेकंदांत ‘मी जागा आहे’ असं कुणी सांगितलं नाही तर सगळं रीसेट करतो.

वॉचडॉगने वेगळंच नाटक केलं. चाचणी म्हणून नॅनोला मुद्दाम अडकवून ठेवला. आठ सेकंदांनी रीसेट झाला, आणि मग होतच राहिला, नुसता दिवा फडफडतोय. स्वस्तातल्या नॅनोंवर पुष्कळदा जुना बूटलोडर, म्हणजे चिप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, असतो. रीसेटनंतर पहारेकरी जागाच असतो, तोही सगळ्यात कमी मुदतीवर, आणि जुना बूटलोडर त्याला गप्प करायच्या आतच तो पुन्हा काठी मारतो. नवा बूटलोडर घालायला दुसरा आर्दुइनो लागतो, तो पुण्यात. म्हणून त्या वेळी वॉचडॉग काढूनच टाकला आणि बल्बच्या वायरीतच, नॅनोला न विचारता, ४० अंशांना उघडणारा छोटा थर्मोस्टॅट बसवला. दोन धातूंची पट्टी, तापली की वाकते, वीज तुटते. त्यात प्रोग्रॅम नाही, लायब्ररी नाही. कराडला दुरुस्तीच्या दुकानात मिळाला.

सोमवारी सकाळी आत्याने चोवीस अंडी मांडली, हळदीकुंकू वाहून. सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहिली, पाच पोकळ निघाली. एकविसाव्या दिवसापर्यंत चौदा पिल्लं. मी तेव्हा पुण्यात होतो. फोनवर नुसता चिवचिवाट ऐकवला.

त्यानंतर पेटी थांबलेली नाही. बूटलोडर पुढच्या फेरीत बदलून आलो, वॉचडॉगही आता आहे. दिवाळीत गेलो तेव्हा डिस्प्ले थोडा वेगळा वाटला. चाचणीसाठी सगळे ठिपके पेटवले, तर पांढऱ्या काचेवर ‘ऊब’ आणि ‘ओल’ सावलीसारखे अंधूक दिसत होते. ओएलईडीचे ठिपके जितके पेटतात तितके थकत जातात, आणि ती दोन अक्षरी नावं महिनोन्‌महिने एकाच जागी पेटत होती. आकडे बदलत राहतात म्हणून त्यांची सावली तेवढी उमटली नव्हती.

प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. आता दर मिनिटाला दोन्ही शब्द एकेक ठिपका इकडेतिकडे सरकतात. आत्याने विचारलं, हे का हलतंय. म्हटलं, एकाच जागी ठेवलं तर काचेला चिकटतात.

“म्हणजे अंडी उलटायची तसंच की,” ती म्हणाली. “नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं.”